मोजपट्टी एक, माती वेगळी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, सियालदहहून लोकलने सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळीच्या काठी बजबज हे तागाच्या गिरण्यांचे आणि तेलसाठ्यांचे गाव आहे. कॅनडाने किनाऱ्यावर उतरू न दिलेले ‘कोमागाता मारू’ हे जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच परतले. बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेल्या या जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला गेले होते. तेथे दोन महिने ते बंदरातच अडकून पडले आणि अखेर माघारी पाठवले गेले. बजबजला उतरलेल्यांना बळजबरीने पंजाबच्या आगगाडीत बसवण्याचा प्रयत्न झाला, चकमक उडाली, गोळीबार झाला आणि सुमारे २० जणांचे प्राण गेले. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी येथील स्मारकाचे उद्घाटन केले. १८ मे २०१६ रोजी कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत या घटनेबद्दल माफी मागितली. बजबजच्या रेल्वे स्थानकाच्या नावातही आता कोमागाता मारू आहे.

एका राष्ट्राच्या संसदेला शंभर वर्षांनंतर माफी मागावीशी वाटली, ती इतिहास संशोधकांनी दप्तरे चाळून ही घटना लोकांपुढे जिवंत ठेवली म्हणून. या संशोधकांचे काम ‘परिणामकारक’ ठरले की नाही, असे कोणी विचारले तर उत्तर स्पष्ट आहे. पण आजची विद्यापीठीय व्यवस्था ‘परिणाम’ हा शब्द फार निराळ्या आणि फार अरुंद अर्थाने वापरते. तिच्या लेखी परिणाम म्हणजे सायटेशन, अर्थात एका शोधनिबंधाने दुसऱ्या शोधनिबंधाचा केलेला संदर्भ-उल्लेख, आणि तोही ठरावीक आंतरराष्ट्रीय सूचींनी टिपलेला.

निवृत्तीनंतर मी याच परिसरात राहतो. येथील एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका तागाच्या गिरण्यांतील कामगार वस्त्या आणि १९१४ ची घटना यांवर अनेक वर्षे काम करीत आहेत. पदोन्नतीच्या अर्जात त्यांच्या नावापुढील उल्लेखांची संख्या जेमतेम दोन अंकी होती. त्याच बैठकीत ज्यांचा अर्ज विचारासाठी होता, त्या जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांची संख्या चार अंकी होती. दोन्ही आकडे एकाच रकान्यात, एकाखाली एक छापलेले होते. समितीने कोणावरही हेतुपुरस्सर अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. तिच्यापुढे जो तक्ता ठेवला गेला, तो तक्ताच चुकीची तुलना करायला लावणारा होता. प्रश्न एका व्यक्तीचा असता तर तो स्तंभाचा विषय झाला नसता. देशभरातील नेमणुका, पदोन्नती, निधी आणि विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या अशाच तक्त्यांवर उभ्या आहेत, म्हणून त्याकडे पाहणे आवश्यक आहे.

सरासरी कशी घडते

वैज्ञानिक साहित्याची उल्लेख-सूची अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये नियमित प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तिचा मूळ हेतू संशोधकांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या कल्पनेचा पुढे कोणी, कसा उपयोग केला याचा माग काढता यावा, हा तो हेतू. मोजणी नंतर आली. तिचा सर्वांत लोकप्रिय अवतार म्हणजे कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक. एखाद्याचे १५ निबंध प्रत्येकी किमान १५ वेळा उल्लेखले गेले असतील आणि सोळाव्याबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा निर्देशांक १५. सोपा, सुटसुटीत आणि म्हणूनच प्रशासनाच्या हाती लगेच रुळलेला. जीवशास्त्रातील अग्रणींचे निर्देशांक भौतिकशास्त्रातील अग्रणींपेक्षा बरेच वर असतात, हे हिर्श यांनी त्याच निबंधात नोंदवले होते. आकडा सर्वत्र पसरला, ही सूचना मात्र मागे राहिली.

विषयाविषयांत हा फरक का पडतो? सर्वसाधारण समज असा की ज्या विषयात माणसे जास्त, त्यात उल्लेख जास्त. हा समज पूर्ण बरोबर नाही. समजा, एका विषयातील प्रत्येक निबंधाखाली सूचीतल्या निबंधांचे ३० संदर्भ आहेत, ते सर्व त्याच विषयातले आहेत आणि दरवर्षी साधारण तेवढेच निबंध लिहिले जातात. मग त्या विषयातील निबंधाच्या वाट्याला येणारे उल्लेखही सरासरी ३० च असणार. विषय दसपट मोठा झाला तरी देणारे दसपट आणि घेणारेही दसपट. सरासरी तीच राहते. वाढतात ते शिखरावरचे आकडे. सरासरी ठरते ती निबंधाखाली किती संदर्भ देण्याची रीत आहे, त्यांतले किती सूचीच्या कक्षेत येतात आणि ते किती ताजे असतात यांवरून. गारफिल्ड यांनी स्वतः हा मुद्दा वारंवार मांडला होता.

आता इतिहासाच्या निबंधाकडे पाहा. त्याखालीही संदर्भ थोडे नसतात, अनेकदा ८० तळटीपा असतात. पण त्या जातात कुठे? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील फायलीकडे, पोलिसांच्या अहवालाकडे, गुरुमुखीतील एखाद्या आत्मकथनाकडे, जुन्या बांगला वृत्तपत्राकडे, पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रंथाकडे. फाईलला एच-निर्देशांक नसतो. मृत पत्रलेखक पदोन्नतीसाठी अर्ज करीत नाही. ८० पैकी ८ टिपा सूचीतल्या निबंधांकडे जात असतील, तर त्या विषयाची सरासरी ८ च्या आसपास राहील. इतिहासकार एकमेकांना वाचत नाहीत, असा याचा अर्थ होत नाही. त्यांच्या ऋणाची नोंद ज्या वहीत होते, ती वही मोजणाऱ्याच्या टेबलावर नाही, इतकाच अर्थ होतो.

वरचेच आकडे पुढे नेऊ. जैवरसायनशास्त्रातील एका निबंधाला ४५ उल्लेख मिळाले, तर तो आपल्या विषयाच्या सरासरीच्या दीडपट. इतिहासातील निबंधाला १६ मिळाले, तर तो सरासरीच्या दुप्पट. कच्च्या आकड्यांत पहिला जवळजवळ तिप्पट पुढे. स्वतःच्या विषयात उभे केले तर दुसरा पुढे. एकाच कामाबद्दलचा निर्णय केवळ भाजक बदलल्याने उलटतो.

याशिवाय आणखी दोन गोष्टी आकडा फिरवतात. पहिली, काळ. गणितातला निबंध रुजायला दहा-वीस वर्षे लागतात, तर वैद्यकातील अनेक निबंधांचा बहर दोन-तीन वर्षांत येतो आणि ओसरतो. नियतकालिकांचा रूढ इम्पॅक्ट फॅक्टर मागील दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांपुरताच पाहतो. सावकाश पिकणाऱ्या विषयांचे पीक त्या खिडकीतून दिसतच नाही. दुसरी, लेखकांची संख्या. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा २०१५ चा एक निबंध ५,१५४ जणांच्या नावे आहे. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पानांवर केवळ लेखक आणि संस्था यांची यादी आहे. त्याला मिळालेला प्रत्येक उल्लेख प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होतो. २०१३ मध्ये ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक क्रमवारीत चंदीगडचे पंजाब विद्यापीठ भारतात पहिले आले, आयआयटींच्याही पुढे. या यशात युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या अशा महाप्रकल्पांतील निबंधांवरील उल्लेखांचा वाटा फार मोठा होता. २०१५ मध्ये एक हजाराहून अधिक लेखकांचे निबंध मोजणीतून वगळण्यात आले आणि विद्यापीठ बरेच खाली गेले. तेथील भौतिकशास्त्रज्ञ दोन वर्षांत हुशारही झाले नव्हते आणि मठ्ठही. बदलला होता तो हिशेबाचा एक नियम.

कोलकात्याचे डे आणि राव

या चर्चेतील सर्वांत बोधक उदाहरणे कोलकात्यातच घडली आहेत. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीच्या जंतूविषयीचे आपले निष्कर्ष पक्के केले आणि हा जंतू एखादे विष तयार करीत असावा, असा तर्क मांडला. ते विष सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षे लागली. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले शंभुनाथ डे यांनी कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, अगदी साध्या साधनांनी ते सिद्ध केले. सशाच्या आतड्याचा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू टोचण्याची त्यांची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, हे दाखवणारा दोन पानांचा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने, या समजुतीला त्यातून भक्कम आधार मिळाला.

पण या निबंधाचे महत्त्व जगाच्या लक्षात यायला वेळ लागला. पटकी हा गरिबांचा रोग. त्यावर काम करणारे थोडे, म्हणून उल्लेख करणारेही थोडे. पुढे आतड्यांच्या विषांवरचे संशोधन फोफावले, तसा डे यांचा निबंध पायाचा दगड म्हणून उल्लेखला जाऊ लागला. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाला त्यांना निमंत्रण आले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते. मात्र स्वदेशातील प्रमुख विज्ञान अकादमींचे सदस्यत्व त्यांना हयातीत मिळाले नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफिल्ड यांनी पटकी-संशोधनाचा उल्लेख-नकाशा काढून डे यांचे स्थान दाखवून देणारा लेख लिहिला.

या कथेचा वापर मोजणीच्या विरोधात केला जातो. मला त्यात दोन्ही बाजू दिसतात. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिले असते तर डे सामान्य ठरले असते, हे खरे. पण ज्यांना देशातील मानकऱ्यांच्या वर्तुळाने जागा दिली नाही, त्यांचे मोठेपण त्याच उल्लेखांच्या जाळ्याने, धीराने आणि विषयाच्या संदर्भात वाचल्यावर, उघड केले. हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण सी. आर. राव यांचे. १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत असताना त्यांनी ‘बुलेटिन ऑफ द कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी’ या स्थानिक नियतकालिकात एक निबंध छापला. आज जगातील संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो ती क्रामेर-राव असमानता आणि राव-ब्लॅकवेल सिद्धांत यांची मुळे त्या एका निबंधात आहेत. २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक देताना त्याच निबंधाचा गौरव झाला. पण क्रामेर-राव असमानता वापरणाऱ्यांपैकी किती जण तळटीप लिहितात? सिद्धांत इतका सर्वमान्य झाला की उल्लेखाची गरजच उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकारावर नेमके बोट ठेवले होते: कल्पना सर्वांची झाली की तिचा जनक तळटिपांतून पुसला जातो. म्हणजे मोठ्यात मोठा परिणाम कधी कधी शून्य उल्लेखाच्या रूपाने दिसतो.

एक माणूस, तीन हिशेब

विषयांतील फरक बाजूला ठेवून माणसांची तुलना करता येत नाही, हे दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राने आणि गोव्याने दिले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९४३ मध्ये त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. तीच मूलभूत कल्पना काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगात ती त्या दोघांच्या नावाने रूढ झाली. १९४४ मध्ये कोसंबींनी लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये अवघ्या चार पानांचे एक टिपण छापले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. पिकांचे आणि प्राण्यांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींत आजही दोन पर्याय हमखास असतात: एक जे. बी. एस. हॉल्डेन यांचे सूत्र आणि दुसरे कोसंबींचे. यातले हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, हा एक सुंदर योगायोग.

आणि १९५६ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने कोसंबींचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर विद्यार्थी असताना त्या पुस्तकाशी सहमत किंवा असहमत झाल्याविना कोणालाही पुढे जाता येत नसे. राजेरजवाड्यांच्या कालक्रमातून भारतीय इतिहासाला बाहेर काढून उत्पादनाच्या साधनांकडे, पायवाटांकडे, शेताच्या बांधावरच्या देवतांकडे वळवणारे हे पुस्तक.

बुद्धी एकच, परिश्रमांची जातही एकच. पण जनुकशास्त्रात चार पाने उल्लेखांचा अखंड ओघ आणतात. गणितात मूळ कल्पना दुसऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. इतिहासात एका पिढीची दिशा बदलणाऱ्या ग्रंथाची नोंद बहुतांशी इतर ग्रंथांच्या तळटिपांत राहते, आणि तो मोजला गेला तरी एच-निर्देशांकाच्या हिशेबात त्याचे मोल जास्तीत जास्त एक. पाच हजार वेळा उल्लेखलेले एकच पुस्तक लिहिणाऱ्याचा निर्देशांक एकच असतो. त्या आकड्यांवरून कोसंबी जनुकशास्त्रज्ञ म्हणून थोर आणि इतिहासकार म्हणून किरकोळ होते, असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष कोणीही शहाणा वाचक मान्य करणार नाही. मग हयात संशोधकांच्या बाबतीत आपण तो दररोज का मान्य करतो?

नियमावलीतील गुण

हा केवळ तात्त्विक वाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधन-गुणांचा तक्ता पाहा. शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे यांत १० गुण आहेत. म्हणजे आयोगाला विषयभेदाची जाणीव होती. पण त्यावर वाढीव गुण येतात ते इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, आणि तेथे दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी: परीक्षित पण इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकाला ५, एकपेक्षा कमी असल्यास १०, आणि दहापेक्षा जास्त असल्यास ३०. इतिहासाच्या जगन्मान्य नियतकालिकांचाही इम्पॅक्ट फॅक्टर दहाच्या जवळपास फिरकत नाही. वैद्यकात असे आकडे अपूर्वाईचे नाहीत. एका हाताने दिलेले दोन गुण दुसऱ्या हाताने पंचवीस करून परत घेतले जातात. ग्रंथाला गुण किती? आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून आल्यास १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडून आल्यास १०. मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या कोसंबींच्या १९५६ च्या ग्रंथाला या तक्त्याने १० गुण दिले असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड गावोगावची दप्तरे धुंडाळून काढले, आणि त्यांशिवाय मराठेशाहीवरचे पुढचे कोणतेही गंभीर लेखन उभे राहिले नसते. ते तर बहुधा ‘संपादन’ या आणखी स्वस्त रकान्यात गेले असते.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात गुणांच्या बेरजेऐवजी उल्लेखनीय योगदानाचा विचार करण्याची भूमिका आहे. दिशा योग्य आहे. पण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, विद्यापीठांच्या गुणांपैकी ३० टक्के संशोधनाच्या गटाला आहेत आणि त्यातील निबंध व उल्लेखांची मोजणी स्कोपस व वेब ऑफ सायन्स यांवर आधारलेली आहे. कुलगुरूंचे लक्ष क्रमवारीकडे असते. दरवाजातून बाहेर काढलेला आकडा अशा रीतीने खिडकीतून आत येतो.

त्याचे परिणाम हळूहळू दिसतात आणि म्हणूनच ते जास्त चिंताजनक आहेत. हुशार विद्यार्थी स्थानिक प्रश्न सोडतो. बजबजच्या गिरणी कामगारांवर किंवा मराठवाड्यातील एखाद्या देवस्थानाच्या इनामावर लिहून पाच-सहा उल्लेख मिळणार असतील, तर तो ज्यावर सारे लिहीत आहेत त्यावरच लिहितो. जो मराठीत किंवा बांगलात लिहू शकतो, तो इंग्रजीत कमी दर्जाचे लिहितो. मोजदाद पैशांशी जोडली गेली की परस्परांना उल्लेख देण्याचे सहकारी व्यवहार सुरू होतात. गणितासारख्या कमी उल्लेखांच्या विषयात तर मूठभर संगनमतही शिखरावर नेऊन बसवते. ‘सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या संशोधकां’ची जागतिक यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने याच धोक्यापायी २०२३ पासून गणित हा विषय यादीतून वगळला. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने तर २००८ मध्येच, संख्याशास्त्रज्ञांच्या सहकार्याने, उल्लेखांच्या भाबड्या वापराविरुद्ध सविस्तर अहवाल दिला होता.

प्रतबंदीचा धडा

आकडे फेकून द्या, असे मी म्हणत नाही. तीन दशकांहून अधिक काळ शासनात काढल्यावर एक गोष्ट मनावर ठसली आहे: जेथे मोजमाप नसते तेथे वशिला राज्य करतो. गावाकडून आलेल्या, कोणाचा शिष्य नसलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या उमेदवाराला आकडा कधी कधी एकमेव आधार असतो. म्हणून प्रश्न मोजावे की नाही हा नसून, मोजण्यापूर्वी काय करावे हा आहे.

महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात याचे उत्तर सापडते. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल यांनी जमिनीची पाहणी केली आणि खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. सिद्धांत तेव्हाच्या अर्थशास्त्रातील अद्ययावत, कोष्टके अत्यंत काटेकोर. पण मूळ अंदाज चुकले होते. सारा झेपेना, शेतकरी जमिनी सोडून गेले, व्यवस्था कोसळली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा भासमान नेमकेपणा त्यांनी सोडला. मातीचा रंग, खोली आणि दोष प्रत्यक्ष पाहून शेतांची प्रतबंदी केली आणि एका शेताचे दुसऱ्याच्या तुलनेतले मोल ठरवले. साऱ्याचा दर ठरवताना हवामान, बाजारपेठ आणि मागील वसुली विचारात घेतली. त्या पद्धतीतही दोष होते आणि ती परकीय सत्तेच्या तिजोरीसाठी होती. तरी काळ्या कसदार जमिनीची आणि मुरमाड माळाची एकच अपेक्षा धरायची नाही, एवढे शहाणपण तिच्यात होते.

संशोधनाच्या मोजणीत प्रतबंदीचे साधन आज उपलब्ध आहे. निबंधाला मिळालेल्या उल्लेखांना त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागायचे. २०१५ च्या ‘लायडन जाहीरनाम्या’तील दहा तत्त्वांपैकी एक नेमके हेच सांगते. दरवर्षी गाजणाऱ्या ‘अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीचे कर्ते जॉन इओआनिडिस यांनीही विज्ञानाचे २२ क्षेत्रांत आणि १७४ उपक्षेत्रांत विभाजन केले आहे. आपल्याकडील अभिनंदनाच्या फलकांवर मात्र उपक्षेत्राचे नाव नसते.

हे साधनही सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. कोसंबींना कोणत्या खान्यात टाकायचे? जो दोन विषयांच्या बांधावर उभा आहे, त्याला कुठलीच सरासरी लागू पडत नाही. लहान विषयात सरासरी इतकी खाली असते की एक तळटीप इकडची तिकडे झाली तरी गुणोत्तर उडी मारते. आणि ज्या भाषेतील लेखन सूचीत नाहीच, तिला भागाकार कशाने करणार? म्हणून विषयनिहाय आकडा हा निर्णय नव्हे, निर्णयापूर्वीची एक नोंद समजावी.

धोरणकर्त्यांना करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. एक: निवड आणि पदोन्नतीच्या कोणत्याही कागदावर उल्लेखांचा कच्चा आकडा एकटा छापू नये, त्याशेजारी त्या विषयाची आणि त्या वर्षांची सरासरी असावी, अन्यथा रकाना कोरा ठेवावा. दोन: लेखक अनेक असतील तेथे श्रेय विभागून मोजावे. तीन: उमेदवाराने आपली तीन सर्वोत्तम कामे द्यावीत आणि समितीतील किमान दोघा जाणकारांनी ती वाचून, वाचल्याचे लेखी कारणांसह नोंदवावे. हे शेवटचे वेळखाऊ आहे, पण तीस वर्षांच्या नोकरीचा निर्णय तीन निबंध वाचण्याइतका वेळ नक्कीच मागू शकतो. चार: मराठी, बांगला, तमिळ आदी भारतीय भाषांतील ग्रंथ आणि नियतकालिके यांची खुली उल्लेख-सूची सार्वजनिक पैशातून उभी करावी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून काम करणाऱ्या संस्थांची प्रकाशने परस्परांचे ऋण शंभर वर्षे तळटिपांत नोंदवीत आली आहेत. ती वही अस्तित्वात आहे. तिची फक्त कोणी बेरीज केलेली नाही.

यांतील पहिल्या सूचनेला ना नवा कायदा लागतो, ना निधी. विद्यापीठाच्या आस्थापना शाखेने अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवला की पुरे. प्रशासनात राहून पाहिले आहे की मोठी अन्याय्य धोरणे क्वचितच कोणी जाणूनबुजून आखतो. ती बहुधा अशाच एखाद्या न वाढवलेल्या रकान्यातून तयार होतात. पुढील भरतीची जाहिरात निघण्यापूर्वी तो रकाना वाढवता येईल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत.)